जुन्या डब्यातले लिनक्स

संगणक दोन तऱ्हांनी म्हातारा होतो. एक म्हणजे खरोखर झिजून: पंखा घरघरतो, मदरबोर्डवरच्या कपॅसिटरची डोकी फुगतात, हार्ड डिस्क टकटक करू लागते. दुसरे म्हातारपण कागदावरचे असते. यंत्र धडधाकट असते, पण त्यावरच्या विंडोजला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे थांबते आणि पुढची विंडोज त्या यंत्राला उंबऱ्याच्या आत घेत नाही. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ ची चार जीबी रॅमची अट फार जड नाही. जड आहे ती टीपीएम २.० या सुरक्षा-चिपची आणि इंटेलच्या साधारण आठव्या पिढीनंतरच्या, म्हणजे २०१७ पासून पुढच्या, प्रोसेसरची अट. त्याआधीचे लाखो संगणक एका तारखेला अधिकृतपणे जुने ठरले. त्यांच्यात त्या दिवशी काहीच बिघडले नव्हते.

पुण्याच्या विश्रांतवाडीत, धानोरी-कळस-टिंगरेनगरच्या सोसायट्यांत असे यंत्र शोधायला लांब जावे लागत नाही. पलंगाखाली, माळ्यावर, झेरॉक्सच्या दुकानात, शिकवणीच्या क्लासमध्ये, सोसायटीच्या ऑफिसात ते धूळ खात पडलेले असते. बहुतेक वेळा तो ‘असेंबल’ केलेला पीसी असतो: ड्युअल कोअर किंवा कोअर टू ड्युओ प्रोसेसर, दोन जीबी रॅम, १६० किंवा ३२० जीबीची हार्ड डिस्क. मुलाच्या दहावीनंतर घेतलेला, मुलगा नोकरीला लागल्यावर बाजूला पडलेला. चालू केला तर पाच मिनिटांनी माउस हलतो. ‘फॉरमॅट मारून’ पाहिलेले असते, काही महिन्यांनी पुन्हा तीच गत. शेवटी भंगारवाल्याची हाक ऐकू आली की निर्णय होतो.

या यंत्रांपुढे दुसरी वाट आहे ती युनिक्सच्या कुळातल्या प्रणालींची. लिनक्स हे त्यातले सर्वांत परिचित नाव. फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, नेटबीएसडी ही त्याची चुलत भावंडे. या प्रणाली मोफत आहेत हे खरे, पण जुन्या संगणकाच्या दृष्टीने ते महत्त्वाचे कारण नव्हे. महत्त्वाचे आहे ते त्यांचे घडणे.

युनिक्सचा जन्मच मुळी एका जुन्या, फारसे कुणी वापरत नसलेल्या यंत्रावर झाला. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांना नवे यंत्र मिळाले नाही, म्हणून त्यांनी पडून असलेला पीडीपी-७ हाताशी धरला. डेनिस रिची यांची साथ मिळाली. त्या यंत्राची स्मृती अठरा बिटांच्या आठ हजार शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबात अवघी १८ केबी. हा लेख युनिकोडमध्ये साठवायचा तर त्याला त्याच्या दुपटीहून जास्त जागा लागेल. एवढ्या जागेत संपूर्ण कार्यप्रणाली बसवायची म्हटल्यावर काटकसर ही शैली राहत नाही, गरज होते. प्रत्येक प्रोग्रामने एकच काम करायचे, ते नीट करायचे आणि आपले उत्तर पुढच्या प्रोग्रामच्या हाती द्यायचे, ही युनिक्सची शिस्त त्या अडचणीत रुजली.

पुढे १९८७ मध्ये अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी मिनिक्स ही छोटी प्रणाली साध्या पीसीवर आणली. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या घरच्या, इंटेलच्या ३८६ प्रोसेसरच्या संगणकासाठी लिहिलेल्या गाभ्याची घोषणा केली. तो गाभा म्हणजे लिनक्स. आज जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांपैकी प्रत्येकावर लिनक्स आहे. पुण्यातल्या आयसरमधला परम ब्रह्म हा महासंगणक त्याच कुळातला, खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच. महासंगणकाचा आणि पलंगाखालच्या डब्याचा गाभा एकच असू शकतो, याचे कारण त्याची रचना.

विंडोजमध्ये घर आणि फर्निचर एकत्रच मिळते. लिनक्समध्ये घर वेगळे, फर्निचर वेगळे. गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो प्रोसेसर, स्मृती, डिस्क आणि नेटवर्क सांभाळतो. पडद्यावरच्या खिडक्या, मेनू, चित्रे हे सगळे त्याच्या बाहेरचे, हवे तर ठेवण्याचे, नको तर काढण्याचे. ग्नोम किंवा केडीई यांसारखा सजवलेला डेस्कटॉप नुसता उघडला तरी एक जीबीच्या आसपास स्मृती घेतो. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी त्याच्या साधारण निम्म्यात भागवतात. आइसडब्ल्यूएमसारखा अगदी साधा खिडकी-व्यवस्थापक असेल, तर सगळी प्रणाली दोन-अडीचशे एमबीत उभी राहते आणि उरलेली स्मृती कामाला मोकळी होते. दोन जीबीच्या यंत्रावर हा फरक डोळ्यांना दिसतो.

ही वाट पुण्याला परकी नाही. नव्वदच्या दशकात देशातल्या अनेक बँकांच्या शाखांमध्ये ३८६-४८६ च्या एका यंत्रावर झेनिक्स किंवा एससीओ युनिक्स चालत असे आणि त्याला काउंटरवरची आठ-दहा टर्मिनले जोडलेली असत. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत पासबुकाची नोंद होताना ज्यांनी पाहिली, त्यांनी युनिक्स पाहिले, फक्त नाव ठाऊक नव्हते. एकाच यंत्रावर एकाने काम करताना दुसऱ्याचे काम अडू नये ही युनिक्सची मूळ खुबी तिथे उपयोगी पडली. १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅकने, जिथे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला, भारतीय लिप्यांसाठी जिस्ट हे तंत्र पुढे नेले. सी-डॅकनेच २००७ मध्ये डेबियन या लिनक्सच्या बांधणीवर आधारलेले बॉस लिनक्स आणले. २००० नंतरच्या दशकात रेड हॅट या लिनक्स कंपनीचे पुणे केंद्र विश्रांतवाडीपासून फार दूर नसलेल्या कल्याणीनगरात काम करत होते, नंतर ते मगरपट्ट्यात गेले. भारतीय भाषांसाठीचे लोहित फाँट रेड हॅटने २००४ मध्ये सर्वांसाठी खुले केले. पुणे लिनक्स युजर्स ग्रुपच्या मंडळींनी सिम्बायोसिसच्या मॉडेल कॉलनीतल्या संगणक संस्थेत भरणाऱ्या ‘ग्नूनिफाय’ या मेळाव्यातून लिनक्स कॉलेजच्या मुलांपर्यंत नेले. तरीही घराघरांतल्या पीसीवर ते फारसे पोचले नाही, कारण शिकवले गेले ते सगळे विंडोजवर. सवयीचे वजन रॅमच्या वजनाहून जास्त असते.

आता प्रत्यक्ष कामाकडे. प्रणाली बदलण्याआधी यंत्राची तब्येत पाहणे आवश्यक असते, कारण हार्डवेअरचा आजार लिनक्सने बरा होत नाही.

कॅबिनेटचे मागचे दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवला की पहिली भेट धुळीची होते. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली, उष्णता वाहून नेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत ती गोधडीसारखी बसलेली असते. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. ‘कॉम्प्युटर स्लो झाला’ या तक्रारीतला बराच भाग या गोधडीचा असतो. मऊ ब्रशने ती काढावी, पंखा बोटाने धरून ठेवावा म्हणजे तो गरगर फिरणार नाही. प्रोसेसर आणि पाती यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली असेल तर नवी लावावी. पंख्याजवळचे दंडगोल कपॅसिटर वरून सपाट असले पाहिजेत. फुगलेले किंवा तपकिरी चीक आलेले दिसले, तर त्या बोर्डावर कष्ट घेण्यात अर्थ नसतो.

मग रॅम. यंत्र चालू होते, पंखा फिरतो, पण ‘डिस्प्ले येत नाही’ आणि स्पीकरमधून लांब बीप ऐकू येते, अशा वेळी गल्लीतला कुठलाही कारागीर आधी रॅमची पट्टी काढतो, तिच्या खालच्या सोनेरी पट्ट्या शाळकरी खोडरबराने घासतो, फुंकर मारतो आणि पट्टी पुन्हा टक्कन बसवतो. पुण्याच्या पावसाळी दमटपणात या पट्ट्यांवर पातळ थर चढतो, तो खोडरबराने निघतो. दहापैकी अनेक ‘मेलेले’ संगणक एवढ्यानेच उठतात. त्याच वेळी बोर्डावरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल बदलून टाकावा. तो संपला की यंत्र दरवेळी कित्येक वर्षे मागच्या तारखेत जागे होते, आणि मग वेबसाइटची सुरक्षा-प्रमाणपत्रे ‘अजून लागूच झालेली नाहीत’ असे समजून ब्राउझर पान उघडायला नकार देतो. नेट बंद पडले असे वाटते, दोष मात्र सेलचा असतो.

ज्या एका बदलाने जुने यंत्र सर्वांत जास्त बदलते तो म्हणजे फिरत्या हार्ड डिस्कऐवजी सॅटा एसएसडी. हार्ड डिस्कला विखुरलेल्या जागांवरून माहिती आणायची असली की तिचा हात प्रत्यक्ष इकडून तिकडे फिरतो. एका फेरीला साधारण दहा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला शंभरच्या आसपास फेऱ्या. एसएसडीत फिरणारे काहीच नाही, त्यामुळे ती हजारोंनी वाचने करते. प्रणाली सुरू होताना शेकडो छोट्या फाइली वाचल्या जातात, तिथेच हा फरक कळतो. १२० जीबीची सर्वांत साधी एसएसडीही पुरते. रॅमचे तसे नाही: जुन्या डीडीआर-२ पट्ट्या नव्या मिळत नाहीत. मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, तिथे किंवा दुरुस्तीच्या दुकानात दुसऱ्या बंद पीसीतून काढलेल्या पट्ट्या मिळू शकतात. बोर्डाला कुठली चालते ते आधी पाहून घ्यावे.

पुढचा प्रश्न सर्वांत निर्णायक आहे: प्रोसेसर ३२ बिटांचा की ६४? लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा दिली की पहिल्या दोन ओळींतच उत्तर मिळते. २००६ च्या कोअर टू ड्युओपासून पुढचे जवळपास सगळे डेस्कटॉप प्रोसेसर ६४ बिटांचे आहेत, मग त्यावर आजवर ३२ बिटांची विंडोज टाकलेली असली तरी. अशा यंत्राला अजून बरीच वर्षे आहेत. खरी अडचण त्याआधीच्या पेंटियम ४, पेंटियम एम आणि पहिल्या पिढीतल्या काही ॲटम नेटबुकांची आहे. लिनक्सच्या बांधणींपैकी उबंटूने ३२-बिट डेस्कटॉप २०१७ मध्ये सोडला, फेडोराने २०१९ मध्ये. डेबियनची १२ वी आवृत्ती, जी जून २०२३ मध्ये आली, ती ३२-बिट पीसीवर पूर्णपणे चालते आणि तिला दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत आहे. ऑगस्ट २०२५ च्या १३ व्या आवृत्तीत ३२-बिट पीसीसाठी स्वतंत्र कर्नलही नाही, इन्स्टॉलरही नाही. लिनक्सच्या गाभ्यालाही सगळे जुने कायमचे वाहवत नाही: ज्या ३८६ वर तो जन्मला, त्याच ३८६ ला २०१३ मध्ये आलेल्या ३.८ आवृत्तीने निरोप दिला.

लिनक्सच्या वेगवेगळ्या बांधणींना डिस्ट्रो म्हणतात, आणि नवख्या माणसाचा पाय सर्वांत आधी त्यांच्या गर्दीत अडखळतो. चार जीबी रॅम आणि ६४-बिट प्रोसेसर असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. तिचा मेनू विंडोज ७ वापरलेल्या माणसाला नवखा वाटत नाही. दोन जीबीला लुबंटू किंवा एमएक्स लिनक्स. त्याहून कमी असेल तर अँटीएक्स: डेबियनवर आधारलेली, आइसडब्ल्यूएमवर चालणारी, ५१२ एमबीच्या यंत्रातही जीव धरणारी आणि ३२-बिट यंत्रांना अजून न विसरलेली. पपी लिनक्स बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केले. ते चालू होताच स्वतःला रॅममध्ये उचलून घेते आणि डिस्क नसली तरी चालते. टायनी कोअर तर जेमतेम २३ एमबीत खिडक्यांसह उभे राहते. कौतुक वाटावे असे ते आहे, पण रोजच्या वापरासाठी त्यात सगळे हाताने जोडावे लागते. पहिल्यांदाच वळणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये.

कुठलीही निवड केली तरी ती कायमची नसते, कारण लिनक्स डिस्कला हात न लावता वापरून पाहता येते. डिस्ट्रोची फाइल उतरवून रूफससारख्या प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर लिहायची, यंत्र सुरू होताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करायचे. या ‘लाइव्ह’ अवस्थेत आवाज येतो का, वाय-फाय पकडतो का, पडदा नीट दिसतो का, हे पाहून घ्यावे. वाय-फायची काही जुनी कार्डे स्वतःच्या फर्मवेअरशिवाय जागी होत नाहीत. पूर्वी ते शोधत बसावे लागे. डेबियनने १२ व्या आवृत्तीत हे फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच घातल्यापासून तो त्रास खूप कमी झाला. २००५ च्या आसपासच्या काही यंत्रांना पेनड्राइव्हवरून सुरू होता येत नाही, त्यांना सीडी लागते.

बसवण्याआधी जुनी डिस्क नीट उघडून पाहावी. माळ्यावरच्या पीसीत लग्नाचे, बारशाचे फोटो असतात, गेलेल्या माणसाचा आवाज असतो. लाइव्ह लिनक्समधून विंडोजची डिस्क वाचता येते, विंडोज सुरू होत नसली तरीही. ते सगळे बाहेरच्या डिस्कवर काढून घेतल्याखेरीज ‘इन्स्टॉल’चे बटण दाबू नये. एकदा ‘संपूर्ण डिस्क पुसा’ला होकार दिला की परत फिरणे नाही.

बसवल्यावर टर्मिनलमध्ये ‘फ्री’ ही आज्ञा देऊन स्मृतीचा हिशेब पाहण्यासारखा असतो. दोन जीबीच्या यंत्रावर ‘फ्री’ या रकान्यात कधी कधी फारच लहान आकडा दिसतो आणि माणूस घाबरतो. रिकामी पडलेली रॅम लिनक्स वाया जाऊ देत नाही, नुकत्याच वाचलेल्या फाइली तिथे धरून ठेवते आणि गरज पडताच ती जागा सोडते. पाहायचा तो शेवटचा रकाना, ‘अव्हेलेबल’. तिथे पाच-सातशे एमबी असेल तर काळजीचे कारण नाही. शिवाय झेड-रॅम नावाची सोय सुरू करता येते. ती बाजूला पडलेली माहिती डिस्कवर टाकण्याऐवजी रॅममध्येच दाबून बसवते, साधारण निम्म्या ते एक-तृतीयांश जागेत. प्रोसेसरला थोडे कष्ट पडतात, पण डिस्कच्या खडखडाटापेक्षा ते परवडते.

एवढे करूनही जुना संगणक अडतो तो ब्राउझरपाशी. प्रणाली दोनशे एमबीत चालते आणि एकच बातम्यांचे संकेतस्थळ त्याच्या दुप्पट स्मृती खाते. आजचे वेबपान हे पान राहिलेले नाही, तो एक प्रोग्राम आहे, त्यात जाहिराती, मागोवा घेणारे तुकडे, आपोआप चालणारे व्हिडिओ. म्हणून जाहिराती अडवणारे युब्लॉक ओरिजिनसारखे एक्स्टेंशन हे जुन्या यंत्रावर चैनीचे नाही, अर्धी रॅम विकत घेतल्यासारखे आहे. यूट्यूब आपले व्हिडिओ व्हीपी ९ किंवा एव्ही १ या नव्या पद्धतींनी पाठवते आणि जुन्या ग्राफिक्स चिपला त्या उलगडता येत नाहीत, सगळा भार प्रोसेसरवर येतो. यूट्यूबला जुनी एच.२६४ पद्धतच वापरायला लावणारे छोटे एक्स्टेंशन आणि ४८० पी चित्र, एवढ्यावर कोअर टू ड्युओ यंत्रात कीर्तन किंवा शिकवणीचा व्हिडिओ न अडखळता चालतो.

पेंटियम ३ आणि ॲथलॉन एक्सपी यांची गोष्ट मात्र संपल्यात जमा आहे. त्यांच्यात एसएसई-२ हा सूचनासंच नाही. क्रोमने २०१४ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये तो सक्तीचा केला. ३२-बिट लिनक्ससाठीचे फायरफॉक्सही २०२६ मध्ये थांबवण्याचे ते बनवणाऱ्या मोझिलाने जाहीर केले. गाभा चालेल, लेखन होईल, गाणी वाजतील, पण बँकेचे पान उघडणार नाही, आणि जुना ब्राउझर वापरून ते उघडण्याचा हट्ट धोक्याचा आहे.

अशा फारच जुन्या यंत्रांसाठी बीएसडी कुळ अजून दार उघडे ठेवून आहे. नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी ३२-बिट पीसीसाठी आवृत्त्या काढतात. त्यांचे माहितीचे लेखन उत्तम असते, वाचून शिकण्याची तयारी मात्र हवी. शिवाय ३२-बिट जगाला एक ठरलेली तारीख आहे. युनिक्स वेळ मोजते ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, आणि ३२ बिटांच्या चिन्हासहित आकड्यात ते सेकंद १९ जानेवारी २०३८ ला, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, मावेनासे होतात. नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी यांनी हा आकडा केव्हाच ६४ बिटांचा करून घेतला. डेबियनने १३ व्या आवृत्तीत बहुतेक ३२-बिट यंत्रांसाठी तो बदल केला, जुन्या पीसीची शाखा मात्र जुन्या प्रोग्रामांच्या सोयीसाठी तशीच ठेवली.

मराठी लिहिणे हा लिनक्सवर आता अडचणीचा विषय नाही. सेटिंग्जमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कळफलक जोडला की काम सुरू. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला असतात, सराव आठवड्याभराचा. रोमन अक्षरांतून लिहायची सवय असेल त्यांना आय-बसमध्ये तसाही मार्ग आहे. एक बारीक परीक्षा घ्यावी: ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द एकाखाली एक लिहावेत. पहिल्यात रफार वर जातो, दुसऱ्यात डोळ्याच्या पापणीसारखा आडवा अर्धा र यायला हवा. हिंदीला या अर्ध्या र ची गरज पडत नाही, मराठीला ‘सुऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘तऱ्हा’ यांसाठी रोज पडते. जुन्या काळी अनेक प्रणालींत तो मोडून पडे. आज लोहित देवनागरी किंवा नोटो फाँटमध्ये तो नीट उमटतो, ल आणि श यांची मराठी वळणेही भाषा मराठी ठेवली की मिळू शकतात. लिब्रेऑफिसमध्ये सोसायटीच्या सूचना, हिशेब, अर्ज हे सारे होते.

डीटीपीवाल्यांची स्थिती वेगळी आहे. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपी आणि तशा इतर जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर युनिकोड नसतो. फाँट काढला की उरते ती रोमन अक्षरांची गिचमिड. वीस वर्षांच्या लग्नपत्रिका आणि पुस्तके त्यात असतील, कोरल ड्रॉवर हात बसलेला असेल, तर ते यंत्र विंडोजवरच ठेवावे आणि नेटपासून तोडावे. तेच टॅलीचे. वाइन या सोयीने विंडोजचे काही प्रोग्राम लिनक्सवर चालतात, पण धंद्याचा हिशेब त्याच्या भरवशावर सोडू नये. छपाईयंत्रांत एचपीची बहुतेक मॉडेले सहज जुळतात. दुकानोदुकानी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० कॅप्ट या स्वतंत्र पद्धतीने बोलतो, त्याचा ड्रायव्हर बसवायला जाणता माणूस बोलवावा. डिजिटल सहीचे टोकन वापरणाऱ्यांनी आपल्या टोकनाचा लिनक्स ड्रायव्हर आहे ना, हे आधीच विचारून घ्यावे.

पडदा न जोडताही जुन्या यंत्राला काम देता येते. दोन मोठ्या डिस्क आणि सांबा हा प्रोग्राम घातला की घरातल्या सगळ्या फोनचे फोटो साठवणारे कोठार तयार होते. सांभाळायचे ते एसएसएच या सुरक्षित मार्गाने, दुसऱ्या खोलीतल्या लॅपटॉपवरून. विजेचा हिशेब मात्र करावा. पेंटियम ४ चा डबा दीडशे वॅट घेतो असे धरले तर चोवीस तासांत साडेतीन युनिटांहून जास्त वीज जाते, आणि पाच-सहा वॅटांचा रास्पबेरी पाय तेच काम करतो. दिवसरात्र चालवायचे काम जुन्या डेस्कटॉपपेक्षा जुन्या लॅपटॉपला द्यावे. तो वीज कमी खातो आणि त्याची बॅटरी थोडी जरी धरत असेल तर लाइट गेल्यावर लगेच बंद पडत नाही.

शाळेसाठी एलटीएसपी ही १९९९ पासूनची योजना आहे: एक बऱ्यापैकी नवा संगणक सर्व्हर म्हणून ठेवायचा आणि दहा-पंधरा जुने, डिस्क नसलेले डबे नेटवर्कवरून त्याच्यावर चालवायचे. एका ठिकाणी दुरुस्ती केली की सगळीकडे होते. केरळने आपल्या सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर नेल्या. महाराष्ट्रात असा राज्यभराचा प्रयत्न झाला नाही, पण एक लहान आणि महत्त्वाचा प्रयोग रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट धनगरवाड्यावर २००७ मध्ये झाला. ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातला तो पहिला प्रयोग, एकशिक्षकी शाळेतल्या विसेक मुलांसाठी. त्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपमध्ये ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि एक जीबी साठवण होती, आणि त्यावर फेडोरा लिनक्सवर बेतलेले शुगर चालत असे. आज भंगारात निघणारा कोअर टू ड्युओ त्याच्याहून कितीतरी ताकदीचा असतो.

शेवटी असे यंत्रही येते ज्याला हात लावू नये: कपॅसिटर फुटलेला बोर्ड, गंजलेले पाय, एसएमपीएसमधून करपट वास. त्यातली रॅम, चालू एसएसडी, पंखे, वायरी काढून घ्याव्यात, दुसऱ्याला लागतात. डिस्क पुसून टाकावी. फिरती असेल तर लाइव्ह लिनक्समधून ‘श्रेड’ ही आज्ञा एका फेरीत प्रत्येक जागेवर नवे आकडे लिहिते, ५०० जीबीला काही तास लागतात. एसएसडीसाठी तिच्या स्वतःच्या ‘सिक्युअर इरेझ’ची आज्ञा वापरावी. उरलेला सांगाडा साध्या भंगारात देऊ नये, कारण बोर्डाच्या डाखात शिसे असू शकते आणि तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या की विषारी धूर निघतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडेच जायला हवा. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था ई-कचरा गोळा करते, आणि रोज दारात येणाऱ्या कचरावेचक ताईंना विचारले की तो कुठे आणि केव्हा द्यायचा हे त्या सांगतात.